घबाड कुणाचे?



'घबाड' हा शब्द वर्तमानपत्र वाचणाऱ्यांना नवा नाही. एखाद्या लाचखोर अधिकाऱ्याच्या घरावर छापा पडतो, कपाटातून नोटांची बंडले निघतात, दागिने निघतात, आणि दुसऱ्या दिवशी मथळा येतो की अमक्याच्या घरी घबाड सापडले. बोलण्यातही आपण तो सहज वापरतो. कुणाला लॉटरी लागली, कुणाची पडीक जमीन रस्त्यात गेली आणि लाखांनी पैसे आले, की लोक म्हणतात, "त्याला घबाड लागलं बुवा!" म्हणणाऱ्याच्या आवाजात थोडे कौतुक असते, थोडा हेवा असतो आणि थोडा संशयही असतो.

हाच शब्द पंचांगातही आहे. सूर्य आणि चंद्र यांची नक्षत्रे आणि तिथी यांचा हिशोब मांडून जी एक लाभाची वेळ काढतात तिला घबाड मुहूर्त म्हणतात. त्या वेळी काम आरंभले तर मोठा लाभ होतो अशी समजूत आहे. म्हणजे एकच शब्द त्या वेळेलाही आहे आणि हाती लागलेल्या मालालाही आहे. आपण ख्रिस्ती लोक मुहूर्त पाहून काम सुरू करीत नाही, निदान करू नये असे ख्रिस्तसभा शिकवते. पण मुहूर्त न पाहताही घबाड लागू शकते, आणि लागले म्हणजे काय करायचे हा प्रश्न मुहूर्त पाहणाऱ्याला जेवढा पडतो तेवढाच आपल्यालाही पडतो.

हा विषय मी आज का काढला ते सांगतो. काही दिवसांपूर्वी एका गृहस्थांशी बोलणे झाले. (ते आपल्या धर्मग्रामातले नाहीत, तेव्हा कुणी तर्क करीत बसू नये.) कोळशाच्या पट्ट्यात त्यांची वडिलोपार्जित जमीन होती. जमीन हलकी, पाऊस झाला तर पीक, नाही तर नाही. ती खाणीसाठी गेली आणि मोबदला आला. आयुष्यभर शेती करून जेवढा पैसा त्यांनी पाहिला नव्हता तेवढा एका दिवसात बँकेच्या पासबुकात उमटला. ते मला म्हणाले, "याला देवाचा आशीर्वाद म्हणायचा की नशीब म्हणायचे?" मी काही उत्तर देण्याआधीच त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. दोघे भाऊ आणि एक बहीण. बहिणीचे लग्न होऊन वीस वर्षे झाली. आता तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घ्यायची आहे, आणि ती नाही म्हणणार नाही, पण रडते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर या दुसऱ्या गोष्टीत आहे असे मला तेव्हाच वाटले. पण ते नीट समजून घ्यायचे तर आधी शब्दांकडे वळले पाहिजे.

आपल्या भाषेत अचानक येणाऱ्या चांगल्या दिवसांसाठी बरेच शब्द आहेत. 'भाग्य' हा त्यातला सर्वांत जुना. तो 'भाग' या शब्दापासून आला आहे. भाग म्हणजे वाटा. संस्कृतातील 'भज्' या धातूचा मूळ अर्थच वाटणे, वाटून देणे असा आहे. 'भागीदार', 'विभाग' आणि आपण नेहमी वापरतो तो 'भक्ती' हा शब्दसुद्धा त्याच धातूचा. म्हणजे भाग्यवान कोण, तर ज्याच्या पदरी वाटा आला तो. 'नशीब' हा शब्द अरबीतून आपल्याकडे आला. त्याचाही मूळ अर्थ वाटा, हिस्सा. 'किस्मत' हा शब्दही अरबीतलाच, फारसीमधून आलेला, आणि त्याचा धातू वाटणी करणे या अर्थाचा आहे. इंग्रजीतून आलेला 'लॉटरी' शब्द घ्या. त्यातला 'लॉट' म्हणजे चिठ्ठी टाकून ज्याच्या त्याच्या वाट्याला जे येईल ते. घरकुलाचा प्लॉट 'अलॉट' झाला असे आपण म्हणतो तेव्हा हाच शब्द तोंडी असतो.

ग्रीक भाषेत चिठ्ठीला आणि चिठ्ठीने मिळालेल्या वाट्याला 'क्लेरोस' म्हणतात. इस्राएलच्या वंशांना वचनदत्त भूमी चिठ्ठ्या टाकून वाटून दिली, हे गणनाच्या पुस्तकात आणि यहोशवाच्या पुस्तकात आहे. लेवीच्या वंशाला मात्र जमीन मिळाली नाही. परमेश्वर स्वतःच त्यांचा वाटा असे सांगितले गेले (गणना १८:२०). यहूदाच्या जागी मत्थियाची निवड झाली तीही चिठ्ठ्या टाकूनच (प्रेषितांची कृत्ये १:२६). या 'क्लेरोस'वरूनच धर्मगुरूवर्गाला इंग्रजीत 'क्लर्जी' म्हणतात. आपल्या फादरांना कुणी भाग्यवान म्हटले तर शब्दार्थाने ते अगदी बरोबर आहे, मग खिशात काही असो वा नसो!

भाग्य, नशीब, किस्मत, लॉट, क्लेरोस : निरनिराळ्या देशांतले, निरनिराळ्या धर्मांच्या लोकांच्या तोंडचे हे शब्द आहेत, आणि सगळ्यांच्या पोटात एकच गोष्ट आहे. वाटणी. ज्या माणसांनी हे शब्द पहिल्यांदा वापरले त्यांच्या डोळ्यांसमोर एकटा माणूस नव्हता. डोळ्यांसमोर पंगत होती, किंवा शेत होते, आणि भोवती बसलेली माणसे होती. मला काय मिळाले हे सांगतानाच इतरांनाही मिळायचे आहे हे त्यात गृहीत होते. कारण वाटा एकट्याचा नसतोच. ज्याला वाटा म्हणतो तो कशाचा तरी भाग असतो आणि उरलेले भाग दुसऱ्या कुणाचे तरी असतात. 'घबाड' या शब्दात मात्र ही माणसे दिसत नाहीत. घबाड सबंध असते आणि ज्याच्या हाती लागते त्याचे असते. माझ्या मते खरा नैतिक प्रश्न एवढाच आहे : जे अचानक आले ते आपण भाग्य म्हणून घेतो की घबाड म्हणून? रक्कम तीच, पासबुक तेच. पण पहिल्या शब्दात उरलेल्यांची नावे विचारावी लागतात, दुसऱ्यात लागत नाहीत.

इंग्रजीत अशा लाभाला 'विंडफॉल' म्हणतात. वाऱ्याने पडलेले, असा त्याचा सरळ अर्थ : फळ असो, झाड असो. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या लोकांना हा शब्द समजावून सांगायची गरज नाही. झाडावरून पडलेले वेचणे हे इथल्या किती घरांचे वर्षाचे एक पीकच आहे. रानात वाळून पडलेल्या लाकडाची मोळी, निस्ताराचे हक्क, पावसाळ्याआधीची मोहाची टोळं, आणि या सर्वांआधी मोहफूल.

मार्च-एप्रिलमध्ये मोहाची झाडे पाने गाळून उभी असतात आणि रात्री उशिरापासून सकाळपर्यंत फिकट पिवळी, रसाळ फुले टपटप गळत राहतात. बायाबापड्या आणि पोरे अंधारातच टोपल्या घेऊन निघतात. ऊन चढायच्या आत वेचले पाहिजे, नाही तर फूल कोमेजते. शिवाय हरणे, अस्वले आणि गुरे यांचाही त्यावर डोळा असतो. नोकरदार माणसे कधी कधी याला 'फुकटचा माल' म्हणतात. त्यांनी एकदा पहाटे चार वाजता जाऊन कंबरेत वाकून दोन टोपल्या भरून पाहाव्यात. खाली वाकलेल्या माणसावर वाघाने झडप घातल्याच्या बातम्या आपल्या जिल्ह्यांत मोहाच्या हंगामात येतातच. तरीही हे खरे की मोहाचे झाड कुणी लावलेले नसते, त्याला कुणी पाणी घातलेले नसते. कष्ट वेचण्याचे आहेत. फूल मात्र देणगी आहे. भामरागडकडचे माडिया लोक नवे फळ, नवे धान्य पंडुमचा सण केल्याशिवाय तोंडात घालत नाहीत. आलेल्या वस्तूकडे आधी आदराने पाहायचे, मग खायचे. आपण जेवणाआधी जी प्रार्थना घाईघाईत म्हणतो तिचा उद्देशही दुसरा नाही.

निर्गमाच्या १६ व्या अध्यायात मान्ना पडल्याची हकिगत मोहफूल वेचणाऱ्या माणसाने वाचली तर त्याला ती ओळखीची वाटेल. पहाटेचे दव उडून जाते आणि जमिनीवर काहीतरी बारीक पसरलेले दिसते. त्याची चव मध घातलेल्या पोळीसारखी. ऊन तापले की ते वितळते. इस्राएल लोकांनी हे पूर्वी कधी पाहिले नव्हते, म्हणून ते एकमेकांना विचारू लागले, हे काय आहे? त्यांच्या भाषेतल्या त्या प्रश्नावरूनच 'मान्ना' हे नाव पडले. अचानक आलेल्या चांगल्या गोष्टीचे नाव एक प्रश्न असावा, हे मला फार आवडते. घबाड लागलेला माणूस 'हे काय आहे?' असे विचारीत नाही. 'हे किती आहे?' असे विचारतो.

आणि मान्नाच्या बाबतीत किती हा प्रश्न देवाने आधीच सोडवून ठेवला होता. माणशी एक ओमर. ज्याने जास्त गोळा केले त्याचे उरले नाही, ज्याने कमी केले त्याला कमी पडले नाही. ज्यांनी दुसऱ्या दिवसासाठी लपवून ठेवले त्यात किडे पडले. पुढे संत पौलाने करिंथकरांकडे यरुशलेमच्या गरीब बंधूंसाठी वर्गणी मागितली तेव्हा त्याने नेमका हाच दाखला दिला (२ करिंथ ८:१३-१५). मिस्सेच्या वेळी झोळी फिरते तेव्हा आपण सुट्टे पैसे शोधतो. त्या झोळीचे मूळ वाळवंटातल्या त्या समान मापात आहे हे आपल्या लक्षात नसते.

पडलेल्या वस्तूंविषयी मोशेच्या नियमशास्त्रात एक आज्ञा आहे. लेवीय १९:९-१० मध्ये सांगितले आहे की शेताची कापणी करताना कडेपर्यंत कापू नये, पडलेली कणसे वेचू नयेत, आणि द्राक्षमळ्यात गळून पडलेली द्राक्षेही गोळा करू नयेत. ती गरिबांसाठी आणि परक्यांसाठी ठेवावीत. अनुवादाच्या २४ व्या अध्यायात विसरलेली पेंढीसुद्धा परत आणायला जाऊ नये असे म्हटले आहे. इंग्रजीत जे वाऱ्याने पडले ते सापडणाऱ्याचे दैव समजले जाते; नियमशास्त्रात जे पडले ते गरिबाच्या हक्काचे आहे. मालकाने दया म्हणून द्यावे असे तिथे म्हटलेले नाही. ते त्याने उचलूच नये, कारण ते त्याचे नाही.

आपल्याकडे धान कापल्यावर बांधीत राहिलेल्या लोंब्या वेचण्याला सरवा वेचणे म्हणतात. रूथ बेथलेहेमात सासूला जगवण्यासाठी सरवाच वेचायला गेली. पवित्र शास्त्र सांगते की योगायोगाने ती बवाजाच्या शेतात गेली. मूळ हिब्रूत तर हा योगायोगाचा शब्द दोनदा आला आहे, जणू लिहिणारा वाचकाला म्हणतो आहे की बघा, काय नशीब! पण पुढे वाचा. बवाज आपल्या गड्यांना हळूच सांगतो की तिच्यासाठी पेंढ्यांतून मुद्दाम काही काढून टाकीत जा (रूथ २:१६). संध्याकाळी रूथने झोडून पाहिले तर एफाभर सातू निघाले. सरवा वेचणाऱ्या बाईच्या मानाने ते घबाडच होते. रूथला ते नशीब वाटले असेल, पण एका माणसाने ते मुद्दाम खाली टाकले होते. जगात पुष्कळ लोकांचे 'नशीब' असेच कुणीतरी न बोलता खाली टाकलेले असते. एखाद्या मुलाला शिष्यवृत्ती मिळते आणि ती कुणाच्या पैशातून आली हे त्याला आयुष्यभर कळत नाही.

आता त्या गृहस्थांच्या गोष्टीकडे येऊ. लूकच्या १२ व्या अध्यायातला मूर्ख धनवानाचा दाखला आपल्या सर्वांना माहीत आहे. पीक फार आले, तेव्हा कोठारे मोडून मोठी बांधतो म्हणाला, आणि त्याच रात्री मेला. प्रवचनात हा दाखला बहुधा मरणाच्या अनिश्चिततेवर सांगतात. पण दाखल्याच्या आधीची दोन-तीन वचने वाचल्याशिवाय तो पुरता समजत नाही. गर्दीतला एक माणूस प्रभू येशूला म्हणाला की माझ्या भावाला सांगा, वतनाची वाटणी मला दे. प्रभूने त्या दोघांचा पंच होण्याचे नाकारले आणि मग हा दाखला सांगितला. म्हणजे हा दाखला वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीवरून निघाला आहे. आणि त्या धनवानाला काय लागले होते? घबाडच. शुभवर्तमान म्हणते की जमिनीला फार पीक आले. त्याने फार मेहनत केली असे म्हणत नाही. त्यानंतर तो जे बोलतो ते सगळे स्वतःशीच. माझे पीक, माझी कोठारे, माझा जीव. त्या संपूर्ण बोलण्यात दुसरे एकही माणूस नाही. बायको नाही, भाऊ नाही, कापणीचे मजूर नाहीत. चौथ्या शतकात कैसरियाचे बिशप संत बासील यांनी याच दाखल्यावर प्रवचन केले. तुझ्या कपाटात कुजणारा जोडा अनवाणी माणसाचा आहे, अशा अर्थाचे कठोर शब्द त्यांनी आपल्या श्रीमंत श्रोत्यांना ऐकवले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या पत्रात हीच शिकवण पुन्हा सांगितली आहे : पृथ्वी आणि तिच्यातील वस्तू देवाने सर्वांसाठी दिल्या आहेत, खाजगी मालकी त्या हेतूच्या आत राहते, बाहेर नाही.

एवढे मोठे तत्त्व सांगून झाल्यावर एका बहिणीच्या सहीकडे यायचे म्हणजे काहींना ते किरकोळ वाटेल. मला तसे वाटत नाही. शेजाऱ्यावर प्रीती करणारे, मिशनला देणगी देणारे आणि दर रविवारी कम्युनियन घेणारे भाऊ बहिणीला मात्र म्हणतात, "तुला लग्नात दिले की." काय दिले होते? भांडी, कपडे, जेवणावळ. आणि त्या वेळी जमिनीची किंमत काय होती? भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ सालचा आहे आणि तो ख्रिस्ती कुटुंबांना लागू आहे. मृत्युपत्र न करता वडील वारले तर विधवा आईला एक-तृतीयांश आणि उरलेले दोन-तृतीयांश मुलामुलींना सारखे, असे त्यात सांगितले आहे. मुलगा आणि मुलगी असा भेद नाही. हा कायदा होऊन शंभर वर्षे उलटली. तरी आपल्या घरांतून हक्कसोडपत्रे लिहून घेतली जातात. बहीण सही करते कारण तिला माहेर तुटू द्यायचे नसते. सणाला येऊन उतरण्यापुरती जागा राहावी, भाऊ दारात यावा, यासाठी ती लाखांची किंमत देते. अशा सहीला 'राजीखुशीने' म्हणणे हा शब्दांचा फार वाईट उपयोग आहे. स्वखुशीने वाटा सोडणाऱ्या बहिणीही असतात, नाही असे नाही. परंतु तिला आधी आकडा सांगितला होता काय, आणि 'नाही' म्हणण्याची मोकळीक दिली होती काय, एवढे दोन प्रश्न भावांनी स्वतःला विचारावेत.

त्या गृहस्थांना मी हेच सांगितले : आशीर्वाद की नशीब हे ठरवण्याआधी वाटेकऱ्यांची नावे कागदावर लिहा. त्यांनी विचारले, "बहीण सोडून आणखी कोण?" मी म्हटले, तुमच्या शेतात पंधरा वर्षे राबणारा गडी. जमीन गेली तेव्हा तुम्हाला मोबदला मिळाला. त्याचे काम गेले आणि त्याचे नाव सातबाऱ्यावर नव्हते. ते गप्प राहिले. त्यांनी पुढे काय केले ते मी विचारलेले नाही, आणि इथे लिहिण्यासारखेही ते नाही.

कुणी म्हणेल, हे सगळे पुस्तकी झाले. पैसा समोर आला की माणूस वाटणीचे विचार करीत नाही. करतो. आपल्याच जिल्ह्यांत दोन गावांनी केला आहे, आणि ती ख्रिस्ती गावे नाहीत.

गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचे गोंड वस्तीचे छोटे गाव आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली त्याला आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळालेल्या अगदी पहिल्या गावांपैकी ते एक. बांबू मात्र तरीही अडला होता, कारण वाहतुकीचा परवाना देणे वनखात्याच्या हाती होते. २७ एप्रिल २०११ रोजी त्या वेळचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्याचे अधिकार ग्रामसभेला दिले. ज्या बांबूने वर्षानुवर्षे कागद झाला आणि ज्याच्या तोडीची फक्त मजुरी गावाला मिळे, तो एकाएकी गावाचा झाला. यापेक्षा मोठे घबाड कुठले? पण त्या गावाला वाटून घेण्याची सवय आधीपासून होती. निर्णय सर्वांच्या सहमतीने घ्यायचा, बहुमताने नाही, आणि मजुरीतला दहावा हिस्सा गावनिधीत टाकायचा हे त्यांनी पूर्वीच ठरवले होते. दशांश हा शब्द आपण पवित्र शास्त्रात वाचतो. तिथे तो पाळला जात होता.

दुसरे गाव चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातले पाचगाव. त्याला २०१२ साली सुमारे हजार हेक्टर जंगलावर हक्क मिळाला. बांबूच्या विक्रीतून पैसा येऊ लागला. तेंदूपत्ता हा याहून सोपा पैसा. मे महिन्यात थोडे दिवस पाने तोडायची, पुडे बांधायचे, रोख घ्यायची. पाचगावच्या ग्रामसभेने तेंदूपत्ता तोडणे बंद केले. कारण चांगले पान फुटावे म्हणून झाडे छाटतात, जंगलाला आगी लावतात, आणि त्यात लहान रोपे जळतात. जंगलाला ज्यात नुकसान आहे तो पैसा नको, असे हातावर पोट असलेल्या लोकांनी बसून ठरवले. या निर्णयात वाटेकरी कोण होते पाहा : अजून न उगवलेली झाडे, आणि अजून न जन्मलेली पोरे. मोहाखालचा पाला पेटवून देणाऱ्या माणसाला त्या दिवशी फुले सहज दिसतात. वणव्यात काय गेले ते दहा वर्षांनी दिसते. पाचगावने ती दहा वर्षे आधीच मोजली.

राहता राहिला प्रश्न लायकीचा. घबाड लागलेल्याला वाटते की आपण त्याच्या लायक होतो. न लागलेल्याला वाटते की तो नव्हता. अलीकडे असेही शिकवणारे भेटतात की विश्वास पक्का असला तर देव पैसा देतोच, आणि पैसा आला म्हणजे विश्वास पक्का होता. प्रभू येशूने याला कुठेही थारा दिलेला नाही. देव आपला सूर्य वाईट आणि चांगल्या दोघांवर उगवतो (मत्तय ५:४५). शिलोहाचा बुरूज पडून मेलेले अठरा जण इतरांपेक्षा पापी नव्हते (लूक १३:४). खाणीचा नकाशा ज्याच्या शेतावरून गेला तो, बांधापलीकडे ज्याचे शेत तसेच राहिले त्याच्यापेक्षा पुण्यवान नव्हता. कोळसा जमिनीखाली होता, एवढेच.

लॉटरीविषयीही तरुण मुले विचारतात. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणात जुगाराचा खेळ स्वतःहून अन्यायाचा मानलेला नाही. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या गरजेचे जे आहे ते त्यात जाऊ लागले म्हणजे तो निषिद्ध होतो. तिकिटाच्या पैशात घरचे तेल-मीठ जात असेल तर उत्तर स्पष्ट आहे. नसेल तरी एक विचार करण्यासारखा आहे. बक्षिसाची रक्कम येते कुठून? ज्यांना लागली नाही त्यांच्या खिशातून. लॉटरी हीसुद्धा वाटणीच आहे. फरक एवढाच की तिथे सगळ्यांचे भाग गोळा करून एकाला देतात.

शुभवर्तमानात अशी एक सोडत आहे. क्रुसाखाली चार शिपाई बसले होते. वधस्तंभावर दिलेल्या माणसाचे कपडे त्यांना मिळण्याचा रिवाज होता. बाकीच्या कपड्यांचे त्यांनी चार भाग केले. अंगरखा राहिला. तो वरपासून खालपर्यंत सलग विणलेला, बिनशिवणीचा होता. फाडला तर कुणाच्याच कामाचा राहिला नसता. म्हणून त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या (योहान १९:२३-२४), आणि चौघांपैकी एकाला तो सबंध मिळाला. त्या शिपायाच्या दृष्टीने दिवस चांगला गेला. वर ज्याचा तो अंगरखा होता तो माणूस अजून जिवंत होता, आणि त्याची आई तिथेच जवळ उभी होती.